पुढे रुंद, मागे अरुंद: फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत वेगवेगळ्या रुंदीची चाकं कशी बसवायची

इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना. अशा गाडीचं साधारण ६० टक्के किंवा त्याहून जास्त वजन पुढच्या दोन टायरवर असतं. वळवायचं त्यांनी, ओढायचं त्यांनी, ब्रेक मारल्यावर मोठा भार घ्यायचा तोही त्यांनीच. म्हणून चारही चाकं सारखी न ठेवता रुंदीत फरक करायचाच असेल, तर या गाडीत रुंद जोडी पुढे जाते. रिअर व्हील ड्राइव्ह गाड्या बघून मागे रुंद चाकं टाकणारे बरेच आहेत. उभी गाडी छान दिसते, पण वळणात आधीच नाक बाहेर काढणारी गाडी आणखी हट्टी होते.

कारण टायरच्या स्वभावात आहे. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. वळणात पुढच्या बाहेरच्या टायरवर सगळ्यात जास्त भार येतो, त्यात तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलेला असतो, म्हणजे त्याच पकडीतून गाडी ओढण्याचा वाटाही जातो. हा टायर सगळ्यात आधी थकतो. त्याला रुंदी दिली की तो उशिरा घसरतो आणि उशिरा तापतो. मागे रुंदी दिली तर ज्या टोकाला पकड उरलेलीच होती तिथे आणखी पकड येते, आणि गाडी सरळ जायला बघते.

कंपन्यांनीही हे केलेलं आहे. सिट्रोएन डीएस १९५५ साली आली तेव्हा पुढे १६५-४०० आणि मागे १५५-४०० मापाचे टायर होते (पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिमीत). तिचा मागचा ट्रॅकसुद्धा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, पुढच्यापेक्षा २०० मिमी कमी होता. पॉन्टिॲक ग्रांप्री जीएक्सपी (२००५ ते २००८) ही पुढच्या चाकांना ५.३ लिटर व्ही-८ ची ताकद देणारी गाडी. तिला पुढे ८ इंच रिमवर २५५/४५ आर १८ (रुंदी २५५ मिमी, टायरच्या भिंतीची उंची तिच्या ४५ टक्के, रिमचा व्यास १८ इंच) आणि मागे ७ इंच रिमवर २२५/५० आर १८. २०११ च्या ऑडी आरएस-३ मध्ये चारही चाकं चालतात, पण इंजिन पुढे आडवं असल्यामुळे तिथेही पुढे २३५/३५ आर १९ आणि मागे २२५/३५ आर १९.

खर्च करण्याआधी एक पायरी

गाडी वळणात सरळ जाते एवढीच तक्रार असेल तर आधी स्वस्त उपाय संपवा. टायरची हवा, पुढचा कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेरचा कल), मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा), आणि मुख्य म्हणजे चांगल्या रबराचे चार सारखे टायर. जुने कडक टायर काढून चांगले नवे घातले की जो फरक पडतो, तो रुंदीतल्या १० मिमी फरकाने पडत नाही. चारही बाजूंना रुंद टायर बसत असतील तर चारही रुंद घालून तोल सस्पेन्शनने साधणं बहुतेक गाड्यांसाठी जास्त सोयीचं आहे, कारण टायर पुढचे मागे फिरवता येतात. पुढे-मागे फरक करण्यात खरा अर्थ तीन ठिकाणी आहे: ट्रॅकवर किंवा घाटात पुढचे टायर वारंवार जास्त तापत असतील, इंजिनची ताकद वाढवल्यामुळे पुढची चाकं जागेवर फिरत असतील, किंवा मागच्या मडगार्डात रुंद चाकाला जागाच नसेल.

यात एक सौम्य मधला मार्ग आहे आणि सुरुवात तिथूनच करावी. टायर चारही एकाच मापाचे ठेवा आणि फक्त रिमची रुंदी बदला. २२५/४५ आर १७ टायर ७ ते ८.५ इंच रिमवर चालतो. पुढे ८ इंच, मागे ७ इंच रिम घेतली तर दोन्ही मर्यादेत बसतात. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण ५ मिमी फुगतो, म्हणजे एक इंचाला सुमारे १० मिमी. रुंद रिमवर टायरच्या बाजूच्या भिंती ताठ होतात, स्टेअरिंग दिलं की नाक लगेच वळतं. मागचा तोच टायर थोडा मऊ राहतो. व्यास सगळीकडे सारखा, त्यामुळे एबीएसची चिंता नाही, आणि झिजल्यावर टायर रिमवरून काढून पुढचा मागे घालता येतो.

टायरची मापं जुळवणं

मापं वेगळी घ्यायची ठरली तर पहिला नियम व्यासाचा. रिमचा व्यास इंचात, गुणिले २५.४, अधिक रुंदी गुणिले टक्केवारीची दुप्पट. उदाहरणार्थ:

२२५/४५ आर १७: ४३१.८ + (२ × १०१.२५) = ६३४.३ मिमी
२०५/५० आर १७: ४३१.८ + (२ × १०२.५) = ६३६.८ मिमी

फरक २.५ मिमी, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्याही आत. ही जोडी छान जमते. याउलट पुढे २२५/४५ आणि मागे २१५/४५ अशी एकाच टक्केवारीची जोडी घेतली तर ६३४.३ आणि ६२५.३, म्हणजे जवळपास दीड टक्का. रुंदी कमी करताना टक्केवारी वाढवली नाही तर टायर बुटका होतो, हे इथे हमखास चुकतं. १५ इंची रिमवर पुढे २२५/४५ (५८३.५ मिमी) आणि मागे २०५/५० (५८६ मिमी) हीही चांगली जोडी.

पुढच्या आणि मागच्या जोडीतला फरक १ टक्क्याच्या आत ठेवा. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल चारही चाकांचे वेग सतत एकमेकांशी ताडून बघतात. ताशी १०० किमीला १ टक्का म्हणजे ताशी १ किमीचा कायमचा फरक. तो वाढत गेला की यंत्रणेला वाटतं चाक घसरतंय, आणि ती नको तिथे मध्ये पडते किंवा डॅशबोर्डवर दिवा लागतो. शिवाय टायर झिजतात. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. पुढचा टायर ५ मिमी झिजला तर त्याचा व्यास १० मिमी कमी होतो. म्हणजे वरच्या १७ इंची जोडीत पुढचा ६२४ वर आला आणि मागचा फारसा झिजला नाही, तर फरक २ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून सुरुवातीचा फरक जितका कमी तितकं बरं, आणि पर्याय असेल तर पुढचा टायर केसभर मोठा असलेला चांगला. हिशेबाचा व्यास आणि प्रत्यक्ष टायर यांतही कंपनीगणिक फरक निघतो. टायर कंपनीच्या तक्त्यात एका किलोमीटरमागे किती फेरे होतात तो आकडा मिळाला तर तोच धरा. याच कारणाने चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या. पुढे चिकट रबर आणि मागे साधं रबर असं केलंत तर रुंदीतला फरक कागदावर २० मिमी आणि रस्त्यावर त्याच्या कितीतरी पट होतो.

रोजच्या रस्त्यावरच्या गाडीला पुढे-मागे २० मिमीपेक्षा जास्त फरक देऊ नये. ड्रॅग रेसिंगच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्या पुढे प्रचंड रुंद आणि मागे अगदी बारीक चाकं लावतात, पण त्यांना वळायचं नसतं.

मागचा टायर अरुंद करताना भाराचा आकडा तपासायला विसरू नका. २०५/५० आर १७ हा टायर ८९ भारांकाचा असेल तर एका टायरवर ५८० किलो, ९३ चा असेल तर ६५० किलो. पाच माणसं आणि सामान भरल्यावर भार मागेच येतो. गाडीच्या मूळ टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली जाऊ नका.

रिमचा ऑफसेट

ऑफसेट, म्हणजे रिमवर ईटी लिहून पुढे असलेला आकडा, हा रिमच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर सांगतो. हिशेब सोपा आहे. रिमची रुंदी मिमीत घ्या, निम्मी करा. त्यात ईटी मिळवला की आतल्या बाजूचा पसारा, वजा केला की बाहेरचा.

मूळ रिम ७ इंच ईटी ४५: आत ८८.९ + ४५ = १३३.९, बाहेर ४३.९ मिमी.
नवी रिम ८ इंच ईटी ४५: आत १४६.६, बाहेर ५६.६. दोन्हीकडे १२.७ मिमी वाढ.
नवी रिम ८ इंच ईटी ४०: आत १४१.६, बाहेर ६१.६. आत ७.७, बाहेर १७.७ मिमी वाढ.

आत शॉक ॲब्सॉर्बरला टेकतंय म्हणून ईटी कमी करत जाण्याचा मोह होतो. पुढच्या चाकांना हा मोह महागात पडतो. स्टेअरिंग फिरवल्यावर चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष जमिनीला जिथे टेकतो तिथून टायरच्या मध्यापर्यंतच्या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. बऱ्याच फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत हे अंतर मुद्दाम उणे ठेवलेलं असतं. १९७२ च्या ऑडी ८० पासून हे प्रसिद्ध झालं: ब्रेकचं एक सर्किट निकामी झालं किंवा एक चाक चिकट आणि एक निसरड्या जागेवर असलं, तर गाडी आपोआप सरळ राहायला मदत होते. ईटी १५ मिमीने घटवला की टायर तेवढाच बाहेर सरकतो आणि हे गणित उलटतं. मग जोरात ॲक्सिलरेटर दिला की स्टेअरिंग हातातून ओढलं जातं, ब्रेकला गाडी एका बाजूला खेचते, रस्त्यातल्या प्रत्येक चराच्या मागे नाक जातं, आणि व्हील बेअरिंगवरचा ताणही वाढतो. पुढे ५ मिमीपर्यंतचा बदल चालून जातो. मागे अशी अडचण नसल्यामुळे तिथे १० ते १५ मिमी बदलता येतो.

जागा मोजणं

हे काम रिम विकत घेण्याआधी करायचं. गाडी सपाट जागी, स्टँडवर पक्की.

आतली जागा मोजायला लहान मुलांची खेळण्याची माती घ्या. शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीवर, स्प्रिंगच्या खालच्या वाटीवर आणि स्टेअरिंग नकलवर (हब धरून चाकासोबत वळणारा भाग), टायर जिथे सगळ्यात जवळ येतो तिथे तिचे गोळे चिकटवा. जुनं चाक बसवून दोन-तीन फेरे फिरवा आणि काढा. चेपलेल्या गोळ्याची जाडी म्हणजे सध्याची मोकळी जागा. त्यातून वर काढलेली आतली वाढ वजा करा. उरलेलं ५ मिमीपेक्षा कमी असेल तर ती रिम घेऊ नका, कारण वळणात टायर वाकतो आणि सस्पेन्शनचे रबरी बुशही दबतात. रिमचा हिशेब केल्यावर टायरचा वेगळा करा. ज्या ठिकाणी टायरची भिंत रिमच्या काठाबाहेर फुगते तिथे तीच आधी लागते.

बाहेरची जागा मडगार्डाच्या काठावरून ओळंबा सोडून मोजा. पुढे मात्र सरळ चाकावर मोजून भागत नाही. लोअर आर्मच्या टोकाखाली जॅक लावून चाक पूर्ण वर दाबा आणि स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. टायर बहुतेक वेळा दोनच जागी लागतो: पुढच्या बंपरमागच्या प्लास्टिक लाइनरला आणि आतल्या चॅसिसच्या कडेला. ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएस सेन्सरची वायर टायरपासून लांब आहे का तेही याच वेळी बघा. पाइप घासून फाटला तर ब्रेक जातो, म्हणून तो नुसता बाजूला सारून समाधान मानू नका. तो मूळ क्लिपमध्ये बसलेला हवा.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) असेल तर चाक आडवं फारसं हलत नाही, पण गाडी भरून तपासा. पेट्रोल भरायची नळी आणि एक्झॉस्ट मागच्या एका बाजूच्या चाकाजवळून जातात, त्यामुळे दोन्ही बाजू मोजायच्या.

आणखी एक गोष्ट: मागची अरुंद रिम पुढच्या हबवर लावून बघा. पुढची डिस्क आणि कॅलिपर मोठे असतात, आणि रुंद रिमच्या आऱ्या ज्या कॅलिपरला सोडून जातात त्याच डिझाइनच्या अरुंद रिमच्या आऱ्या कित्येकदा त्याला लागतात. पंक्चरच्या वेळी हे कळणं फार गैरसोयीचं.

बसवताना

रिमचं मधलं भोक हबवर घट्ट बसायला हवं. मोठं असेल तर मधली रिंग घाला, नाहीतर ताशी ८०-१०० ला स्टेअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतो. नट किंवा बोल्टचं बूड आणि रिमवरची खोबण एकाच आकाराची हवी. निमुळत्या खोबणीत गोल बुडाचा बोल्ट वरवर घट्ट वाटतो, पण तो कडेच्या एका रेषेवरच टेकलेला असतो आणि चालता चालता सैल होतो.

स्पेसर (हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती) लावला असेल तर त्याच्या जाडीएवढाच बोल्ट लांब घ्या. आटे किती पकडतात ते हाताने मोजा: १२ मिमी जाड बोल्टला किमान १२ मिमी पकड हवी, १.५ च्या आट्यांना ती ८ फेऱ्यांत येते. बोल्ट गरजेपेक्षा लांब असेल तर मागच्या ड्रममध्ये हँडब्रेकच्या भागांना लागू शकतो. म्हणून घट्ट केल्यावर चाक हाताने फिरवून ऐका.

सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीने, शेवटी गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर टॉर्क पान्याने. ५० ते १०० किमी चालल्यावर पुन्हा टॉर्क तपासा. त्यानंतर अलाइनमेंट करा आणि हवेचा इशारा देणारी यंत्रणा चाकांच्या वेगावर चालणारी असेल तर ती रीसेट करा.

तोल लावणं आणि चाचणी

हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे भरून सुरुवात करा आणि एका वेळी २ पीएसआय एवढाच बदल करा, तोही थंड टायरवर. पुढचा टायर कसा काम करतोय हे त्याच्या तापमानावरून कळतं. थोडं जोरात चालवून लगेच आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी मोजा. मध्यभाग जास्त गरम म्हणजे हवा जास्त. बाहेरची कड जास्त गरम म्हणजे कॅम्बर कमी. रुंद टायरला कॅम्बर नीट नसेल तर तो आपली निम्मीच रुंदी वापरतो आणि सगळा खटाटोप फुकट जातो. रस्त्यावरच्या गाडीला पुढे उणे १.५ अंशांच्या आसपास पुरतो, ट्रॅकसाठी आणखी. मागे टो-इन (वरून बघताना चाकांची पुढची टोकं किंचित आत) थोडासा असू द्या; टोकं बाहेर असली की टो-आउट. टो-आउट आणि अरुंद मागचा टायर ही जोडी रस्त्यावर नकोच.

गाडीला आधीच मागे जाड अँटी-रोल बार लावलेला असेल तर तो सगळ्यात मऊ खाचेवर आणून मगच चालवा. तो बार आणि रुंद पुढचे टायर दोघंही मागचं टोक सैल करतात आणि दोघांचा परिणाम एकत्र येतो.

चाचणी मोकळ्या, बंद जागेत, स्टॅबिलिटी कंट्रोल चालू ठेवून. आधी एकाच वर्तुळात हळूहळू वेग वाढवत फिरा. शेवटी नाक थोडं बाहेर सरकायला लागणं हेच योग्य. मग त्याच वर्तुळात मध्यम वेगात ॲक्सिलरेटर हलकेच सोडा. गाडीचं नाक थोडं आत आलं तर छान. शेपूट निघायला लागली तर फरक जास्त झालाय. अशा वेळी बार मऊ करा, नाहीतर मागचा टायर एक माप रुंद घ्या. त्यानंतर सरळ रेषेत जोरात ब्रेक. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत मागच्या ब्रेकचं प्रमाण एका व्हॉल्व्हने ठरवलेलं असतं, ते मूळ रुंदीच्या टायरसाठी. तिथे मागची चाकं आधी जाम होत असतील तर ही गाडी मागे अरुंद टायर घेऊन रस्त्यावर नेऊ नका. हे सगळं कोरड्यात जमल्यावर ओल्यात पुन्हा करा. पाण्याच्या थरावर रुंद टायर आधी तरंगतो, म्हणजे पावसात पुढची पकड अचानक जाऊ शकते.

झीज, आणि खरा धोका

या मांडणीत सगळ्यात वाईट स्थिती वर्ष-दोन वर्षांनी येते. पुढचे टायर भराभर झिजतात, तुम्ही नवे घालता. मागचे झिजत नाहीत, म्हणून तसेच राहतात, आणि त्यांचं रबर कडक होत जातं. आता पुढे रुंद, नवे, मऊ टायर आणि मागे अरुंद, जुने, कडक. ओल्या वळणात पाय उचलला की मागचं टोक सुटतं, आणि नक्षी बघून टायर चांगलाच वाटत असल्यामुळे चालवणाऱ्याला कल्पनाही नसते. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांत तारीख असते: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. पुढची दुसरी जोडी घेताना मागचीही बदला, नक्षी शिल्लक असली तरी.

पुढचे मागे फिरवता येत नसल्यामुळे उरतं फक्त डावं-उजवं. टायर दिशेचा बाण असलेला असेल तर तेही रिमवरून काढूनच होतं.

स्टेपनी

स्टेपनी चारही चाकांपेक्षा वेगळ्या व्यासाची असेल तर ती नेहमी मागेच लावा. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चाक पुढे आणि स्टेपनी मागे, असं दोनदा जॅक लावायचं काम आहे, पण पर्याय नाही. पुढच्या दोन चाकांचा व्यास वेगळा पडला की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं आणि तापतं. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल तर त्याचं जास्त नुकसान होतं, शिवाय स्टेअरिंग एका बाजूला ओढतं. वरच्या १७ इंची जोडीत २.५ मिमीचाच फरक असल्यामुळे मागचं चाक पुढे लावून घरापर्यंत सावकाश येता येतं. मागच्या रिम पुढच्या कॅलिपरवर बसत नसतील तर स्टेपनी पुढे बसणारीच घ्यावी लागेल. बोल्ट वेगळ्या लांबीचे असतील तर स्टेपनीचा संच पिशवीत घालून तिच्यासोबतच ठेवा आणि पिशवीवर कुठल्या चाकाचे ते लिहून ठेवा.